ॲस्बेस्टॉसचं कपाट: भूशास्त्र विभागातल्या तंतुमय नमुन्यांच्या प्रकल्प नोंदी

२१ एप्रिल २०२५

परीक्षा संपल्या, प्रयोगशाळा रिकामी झाली, म्हणून खनिजांच्या मागच्या कपाटाला हात घातला. हे कपाट वर्षानुवर्षं फक्त डेड स्टॉक तपासणीला उघडतं. खालच्या खणात सहा नमुने आहेत आणि सहाही लेबलांवर एकच शब्द: ॲस्बेस्टॉस. कुठे पुढे गाव लिहिलंय, कुठे नुसतं प्रश्नचिन्ह.

पहिला पुलिवेंदुल्याचा: हिरवट दगडात आडव्या तंतूंची रेशमी शीर. दुसरा थेटफर्ड, क्वेबेकचा, कडेला काळे ठिपके. तिसरा 'राजस्थान', पांढरा आणि ताठ. चौथ्यावर गावच नाही, जुन्या बरणीत नुसता पिंजलेला पुंजका. पाचवा बेसाल्टच्या पोकळीत बसलेला पांढरा लुसलुशीत गोळा, लेबलावर 'ॲस्बेस्टॉस (?)'. सहावा नाशिकचा, सुयांचा पसारा.

दख्खनच्या बेसाल्टमध्ये ॲस्बेस्टॉस कुठून येणार? पाचवा आणि सहावा इथेच संशयात गेले. पण संशयावर रजिस्टर बदलता येत नाही. ठरलं असं: प्रत्येक नमुना नक्की काय आहे ते आपल्याकडच्याच साधनांनी काढायचं, क्रायसोटाइल आणि अँफिबोल (ॲस्बेस्टॉसचे दोन मुख्य प्रकार) वेगळे करायचे, ठेवण्यासारखं सीलबंद करायचं, बाकीचं रीतसर घालवायचं. अशी कपाटं बऱ्याच कॉलेजांत असतील, म्हणून नोंदी ठेवतोय.

बरणी उघडली नाही. तंतू बोटांनी वाकवून बघायची जुनी चाचणी आहे: वाकला तर क्रायसोटाइल, मोडला तर ट्रेमोलाइट, म्हणजे एक अँफिबोल. आम्हाला शिकवताना तसंच करून दाखवलं होतं. ही चाचणी आता कुणी करू नये. वाकवताना सुटणारे धागे डोळ्यांना दिसत नाहीत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने क्रायसोटाइलसकट सगळ्या प्रकारचं ॲस्बेस्टॉस पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गटात, टाकलंय.

२४ एप्रिल

सामानात दोन दिवस गेले. औषधांच्या दुकानातला कापडी मास्क चालत नाही आणि एन-९५ वर आम्ही विसंबलो नाही. पी-१०० फिल्टरचे दोन हाफ-फेस मास्क घेतले, फिल्टरसकट ७,४०० रुपये. नायट्राइल हातमोजे, जाड प्लास्टिकच्या पिशव्या आणि फवारणीची बाटली मिळून ९०० च्या आत. फ्यूम कपबोर्ड, म्हणजे आतली हवा बाहेर ओढणारं बंद कपाट, रसायनशास्त्राकडे आहे. तिथल्या मॅडमनी सुट्टीपुरता दिला, अट एकच: रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून द्यायचा आणि फडकं आपल्या पिशवीत जायचं.

आमच्या लॅबमधले मामा झाडू घेऊन आले होते. झाडू बंद. कोरडं झाडणं, फुंकणं, साधा व्हॅक्यूम, सगळं बंद. पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून बारीक फवारा मारायचा. नुसतं पाणी पुंजक्यावरून ओघळून जातं, साबणाने आत भिनतं.

मामांचा प्रश्न: "सर, बत्तीस वर्षं मी हेच कपाट पुसतोय, त्याचं काय?" दगडातल्या बंद शिरेतून फारसं काही उडत नाही, बरणीला झाकण होतं, तरी छातीची तपासणी करून घ्या, एवढंच सांगता आलं. प्राचार्यांकडे त्यांच्या तपासणीसाठी वेगळा अर्ज दिला.

२९ एप्रिल

तेलापायी आठवडा चालला.

मुख्य चाचणी पोलरायझिंग मायक्रोस्कोपवरची. तंतू ठरावीक अपवर्तनांकाच्या तेलात बुडवायचा. तेल आणि तंतूचा अपवर्तनांक सारखा असेल तर कडा पुसट होत होत तंतू दिसेनासा होतो. क्रायसोटाइलसाठी १.५५० चं तेल लागतं. ट्रेमोलाइट आणि बाकीचे अँफिबोल १.६० च्या वर असतात, ते त्याच तेलात ठसठशीत उठून दिसतात. परदेशी तेलांच्या संचाचं कोटेशन विभागाच्या वर्षभराच्या अनुदानाइतकं आलं, तो विषय तिथेच संपला.

जुन्या पद्धतीत लवंगेचं तेल (१.५३) आणि दालचिनीचं तेल (१.६० च्या आसपास) मिसळून मधला आकडा गाठतात. बाजारातून दोन्ही आणली. पदार्थविज्ञानाच्या आबे रिफ्रॅक्टोमीटरवर (अपवर्तनांक मोजायचं यंत्र) लवंगेचं तेल १.५०२ निघालं, म्हणजे सरळसरळ भेसळ. दालचिनीचं १.५३१. हे शुद्ध होतं, पण पानाचं होतं! दालचिनीच्या पानाच्या तेलात मुख्यतः युजेनॉल, लवंगेत असतं तेच. दोन्ही मिसळून १.५५ होणं शक्यच नव्हतं. ६५० रुपये पाण्यात.

३ मे

सुगंधी तेलांच्या घाऊक व्यापाऱ्याकडून कॅसियाच्या (दालचिनीच्या एका जातीच्या) सालीचं तेल आणि खात्रीचं लवंग तेल मागवलं, टपाल धरून १,१८० रुपये. कॅसिया १.६०५, लवंग १.५३२. तीन भाग लवंग आणि एक भाग कॅसियापासून सुरुवात केली आणि थेंबाथेंबाने १.५५० वर आणलं.

रिफ्रॅक्टोमीटर नसेल त्यांनी क्वार्ट्झ वापरावा. त्याचे दोन अपवर्तनांक १.५४४ आणि १.५५३. स्वच्छ क्वार्ट्झची पूड या तेलात टाकली की कण जवळजवळ गायब व्हायला हवेत. आमचे झाले.

दुपारी मात्र तेच तेल १.५४६ दाखवायला लागलं. खोलीत ३८ अंश. तेलाचा अपवर्तनांक दर अंशाला साधारण ०.०००४ ने उतरतो. म्हणून मायक्रोस्कोपचं काम सकाळी साडेआठ ते अकरा, तेलाचं मापही त्याच वेळी.

६ मे

नमुना काढायची पद्धत: फवारा मारून भिजवायचं, ओल्या चिमट्याने केसाएवढा धागा घ्यायचा, काचपट्टीवर वाळू द्यायचा, तेलाचा थेंब, वर कव्हरस्लिप, कडा नेलपॉलिशने बंद. पाणी राहिलं तर तेल दुधाळ होतं. पहिल्या चार पट्ट्या अशाच गेल्या.

पुलिवेंदुला: तंतू लवचिक, टोकाशी पिंजलेले. साध्या प्रकाशात १.५५० मध्ये जवळजवळ अदृश्य. क्रॉस्ड निकॉलमध्ये (दोन पोलरायझर एकमेकांना काटकोनात) करडे, स्टेज फिरवली की धाग्याच्या लांबीला समांतर स्थितीत सरळ विझतात, म्हणजे काळे पडतात. जिप्सम प्लेट (मंद किरणाची दिशा रंगावरून दाखवणारी पट्टी) घातल्यावर ईशान्य-नैऋत्य पडलेला धागा निळा, नव्वद अंशांत फिरवल्यावर पिवळा. म्हणजे मंद किरण लांबीच्या दिशेने. क्रायसोटाइल.

थेटफर्ड तसाच. फक्त धाग्यांमध्ये काळे अपारदर्शक कण. पिशवीबाहेरून चुंबक लावला तर कडेचे ठिपके ओढले गेले, मॅग्नेटाइट आहे. पुलिवेंदुल्यात त्याचा मागमूस नाही. कारण जन्मातच आहे. क्वेबेकचं क्रायसोटाइल लोहयुक्त अल्ट्रामॅफिक (सिलिका कमी, मॅग्नेशियम-लोह जास्त) खडकाचं पाण्यामुळे सर्पेंटाइन हे खनिज होताना झालंय. पुलिवेंदुल्याचं झालंय वेम्पल्ले डोलोमाइटमध्ये (मॅग्नेशियमयुक्त चुनखडीसारखा खडक) डोलेराइट या अग्निजन्य खडकाच्या सिल, म्हणजे आडव्या पट्ट्या, घुसल्या तिथल्या संपर्कावर. डोलोमाइटमध्ये मॅग्नेशियम भरपूर, लोह नावापुरतं.

राजस्थान: सुया ताठ, कडा जाड काळ्या रेषेसारख्या. स्टेज खाली घेतल्यावर बेकेची रेषा (तंतूच्या कडेची उजळ रेघ) तंतूच्या आत सरकली, म्हणजे तंतूचा अपवर्तनांक तेलापेक्षा बराच जास्त. काही सुया तिरप्या कोनात विझतात. हा अँफिबोल, बहुधा ट्रेमोलाइट. हा नमुना बाजूला काढून तांबडी पट्टी लावली.

बरणीतला पुंजका क्रायसोटाइलच. गाव नसलेला हाच नमुना सगळ्यात धोकादायक, कारण आधीच पिंजलेला.

९ मे

आज पाचवा आणि सहावा. नाशिकच्या सुयांचा अपवर्तनांक तेलापेक्षा कमी, बेकेची रेषा उलट, बाहेर तेलाकडे गेली. जिप्सम प्लेटवर रंगही उलटे. झिओलाइट (बेसाल्टच्या पोकळ्यांत वाढणारं पाणी धरून ठेवणारं खनिज), बहुधा स्कोलेसाइट. गोळ्याचे धागे मात्र तेलात बरेचसे लपले. क्रायसोटाइल लपतं तितके नाही, पण घाईत पाहणाऱ्याला फसवतील एवढे. नुसत्या तेलावर निकाल द्यायचा नाही हे इथे कळलं, म्हणून रसायनशास्त्राकडे गेलो.

क्रायसोटाइलचं सूत्र सांगायला सोपं: ३ मॅग्नेशियम, २ सिलिकॉन, ५ ऑक्सिजन आणि ४ हायड्रॉक्सिल. वजनात मॅग्नेशियम ऑक्साइड ४३.६ टक्के, सिलिका ४३.४ आणि पाणी १३. कॅल्शियम नाही, ॲल्युमिनियम असलंच तर किरकोळ. म्हणजे बीएस्सीच्या पहिल्या वर्षाचं गुणात्मक विश्लेषण पुरेसं आहे.

चिमूटभर ओला नमुना विरल हायड्रोक्लोरिक आम्लात फ्यूम कपबोर्डमध्ये तासभर उकळला, गाळला. गाळलेल्या द्रवात अमोनियम क्लोराइड आणि अमोनिया. थेटफर्डमध्ये तपकिरी साका आला (लोह), पुलिवेंदुल्यात नुसती झाक. तो गाळून डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. पाच मिनिटं काहीच नाही. मॅडमनी काचकांडीने परीक्षानळीची आतली भिंत खरवडली आणि खरवडलेल्या रेघेवरच पांढरे स्फटिक धरले. मॅग्नेशियम.

गोळ्याचं निराळंच. आम्लात पडताच बुळबुळीत जेल. त्याच्या द्रवात अमोनियम ऑक्झलेटने दाट पांढरा साका आला. कॅल्शियम. मॅग्नेशियम नाही, ॲल्युमिनियमही नाही. कॅल्शियमचं तंतुमय सिलिकेट आणि तेही बेसाल्टच्या पोकळीत: ओकेनाइट. मुंबई-पुणे पट्ट्यातल्या खाणींतून हे गोळे जगभरच्या संग्राहकांकडे जातात. आम्ही ते 'ॲस्बेस्टॉस (?)' म्हणून कोंडून ठेवलं होतं.

गाळणीवर उरलेला पुलिवेंदुल्याचा चोथा मायक्रोस्कोपखाली धरला. साध्या प्रकाशात तंतू जसेच्या तसे, वळणंसुद्धा तीच. क्रॉस्ड निकॉल केले आणि सगळं काळं. स्टेज कशीही फिरवा, उजेड नाही. मॅग्नेशियम निघून गेलं, मागे स्फटिकरचना नसलेल्या सिलिकेचा नुसता सांगाडा उरला. या सगळ्या कामात मला सगळ्यात आवडलेली पट्टी हीच.

राजस्थानच्या नमुन्यावर आम्लाचा काही परिणाम नाही. सुया तशाच चमकत होत्या.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो. क्रायसोटाइल आम्लात झिजतं, म्हणून फुप्फुसातही विरघळून जातं आणि ते 'चांगलं ॲस्बेस्टॉस' आहे, असा युक्तिवाद पत्रे विकणारे करतात. शरीरात ते अँफिबोलपेक्षा कमी टिकतं हे खरं, पण त्यावरून निरुपद्रवी ठरत नाही. आमच्या परीक्षानळीतून तर ते मुळीच सिद्ध होत नाही.

१४ मे

तापवून वजनातली घट मोजायची. कल्पना सोपी: क्रायसोटाइल १३ टक्के पाणी सोडेल, ट्रेमोलाइट जेमतेम २.२. पहिला आकडा १९.४ आला.

कारण शोधायला अख्खा दिवस गेला. नमुना भिजवलेला, वरवर सुकलेला दिसत होता पण तंतूंमध्ये पाणी धरून होता. शिवाय साबण. साबणही भट्टीत जळतो आणि ती घटही नमुन्याच्या खात्यात जाते. आता या चाचणीच्या नमुन्याला नुसतं ऊर्ध्वपातित पाणी आणि ११० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ओव्हन. मूस (तापवायची चिनी मातीची वाटी) झाकणासकट, ओव्हनमध्येही आणि भट्टीतही.

१६ मे

पुलिवेंदुला १३.३ टक्के. राजस्थान २.५. ओकेनाइट १६.८, अपेक्षा १६.५ ची होती. इथपर्यंत झकास. नाशिकच्या सुया: १३.६!

स्कोलेसाइटमध्ये पाणी १३.८ टक्के असतं. म्हणजे एकाच टप्प्यात भट्टी थेट ८५० ला नेली तर स्कोलेसाइट आणि क्रायसोटाइल या आकड्यावर वेगळे सांगता येत नाहीत. पाणी किती यापेक्षा ते कधी सुटतं हे बघायला हवं. स्कोलेसाइटमधलं पाणी पोकळ्यांत रेणूंच्या रूपात असतं, ते लवकर निघतं. क्रायसोटाइलमधलं पाणी हायड्रॉक्सिल म्हणून मॅग्नेशियमच्या थराला बांधलेलं, ते ६०० अंशांच्या आसपास सुटायला लागतं.

पुन्हा केलं, टप्प्याटप्प्याने. ५०० अंशांवर दोन तासांनी पुलिवेंदुल्याची घट ०.८ टक्के, नाशिकची जवळपास पूर्ण. मग ८५० वर पुलिवेंदुल्याने उरलेलं सोडलं. भट्टीची वायर जुनी आहे, दाखवलेल्या आणि खऱ्या तापमानात वीस-तीस अंशांचा फरक असेल. या चाचणीला तेवढा चालतो.

भट्टीतून निघालेला क्रायसोटाइल दिसायला तंतूच, पण चिमट्याने स्पर्श करताच भुगा. पाणी गेल्यावर त्याचं फोर्स्टेराइट (दुसरं मॅग्नेशियम सिलिकेट) आणि सिलिका होते, लवचिकपणा संपतो. आमच्या जुन्या प्रॅक्टिकल जर्नलमध्ये गुणधर्म म्हणून छापलंय: 'अग्नी व आम्ल यांचा परिणाम होत नाही.' क्रायसोटाइलच्या बाबतीत दोन्ही चूक. तो पेटत नाही, एवढंच खरं.

२३ मे

एक्स-रे डिफ्रॅक्शनचा, म्हणजे एक्स-रे कोणत्या कोनांत वळतात त्यावरून स्फटिकरचना ओळखायच्या चाचणीचा, अहवाल आला. बाहेरच्या प्रयोगशाळेचे तीन नमुन्यांचे ३,५४० रुपये. त्यांना कोरडी बारीक पूड हवी होती, आम्ही नकार देऊन खलात इथेनॉलखाली घोटून लगदाच पाठवला. त्यावर चार फोन झाले. फार घोटणंही बरं नाही, रचना मोडते आणि शिखरं बसतात.

पुलिवेंदुला: १२.१ आणि २४.४ अंशांवर ठळक शिखरं. अहवालात लिहिलंय 'सर्पेंटाइन गट'. बस. मुद्दाम सोबत कणकवलीचा घट्ट हिरवा सर्पेंटाइनाइटही पाठवला होता, क्रोमाइटच्या खाणींजवळून एका सहलीत आणलेला. त्याचीही शिखरं जवळपास तिथेच.

पैसे वाया गेले असं विभागात दोघांचं मत पडलं. माझं तसं नाही. लिझार्डाइट, अँटिगोराइट आणि क्रायसोटाइल यांचं रसायन जवळपास एकच, थरही तेच: एक सिलिकेचा, एक मॅग्नेशियम-हायड्रॉक्सिलचा. मॅग्नेशियमचा थर किंचित मोठा असल्याने दोघांचा मेळ बसत नाही. लिझार्डाइटमध्ये तो ताण सपाट राहूनच निभावतो, अँटिगोराइटमध्ये थर नागमोडी होतो, क्रायसोटाइलमध्ये त्याची गुंडाळी होऊन पोकळ नळी बनते, व्यास साधारण २५ नॅनोमीटर. म्हणून रासायनिक विश्लेषण किंवा नेहमीचं डिफ्रॅक्शन 'सर्पेंटाइन' इथपर्यंत आणून सोडतं. पुढचा निर्णय तंतूचा आकार बघूनच. कणकवलीच्या थिन सेक्शनमध्ये (मायक्रोस्कोपसाठी घासून पातळ केलेला काप) तंतू दिसले नाहीत, तो ट्रेमध्ये परत गेला. पैसे कमी असतील तर डिफ्रॅक्शन वगळा, मायक्रोस्कोप वगळू नका.

२७ मे

मॅडमनी विचारलं, आमच्या जाळ्यांचं काय? बर्नरवर ठेवायच्या तारेच्या जाळ्या, मध्ये पांढरी चकती. नव्या सिरॅमिकच्या आहेत. जुन्यांचा गठ्ठा सिंकखाली सापडला, चकत्या कडेने उसवलेल्या. एकीचा कोपरा भिजवून पाहिला: क्रायसोटाइल. मधोमध, जिथे वर्षानुवर्षं ज्योत लागली, तिथला पांढरा भाग स्पर्शाने सांडतो. बाहेरचा अजून चिवट. १६ तारखेला मुशीत जे पाहिलं तेच इथे विद्यार्थ्यांच्या हाताखाली होत आलेलं.

सगळ्या जाळ्या ओल्या करून दुहेरी पिशवीत, पिशवीचा गळा पिळून टेपने बांधला. सिंकखालची जागा ओल्या फडक्याने तीनदा पुसली.

४ जून

पाऊस लवकर आला. पेटीबंद काम आज संपलं.

पुलिवेंदुला आणि थेटफर्ड ठेवायचे ठरले. आडव्या तंतूंची शीर शिकवायला असा नमुना पुन्हा मिळणार नाही. क्वेबेकच्या खाणी बंद झाल्या, त्या प्रांतातल्या ॲस्बेस्टॉस नावाच्या गावाने २०२० मध्ये नावही बदलून घेतलं. दोन्ही नमुने ५ मिमी ॲक्रिलिकच्या पेट्यांत. पहिल्या पेटीला दुकानदाराने हॉट ग्लू लावला होता, तो दोन दिवसांत कडेने सुटला. क्लोरोफॉर्मने सांधे जोडून वर सिलिकोन फिरवलं. पेटीचे प्रत्येकी ६८० रुपये. झाकण उघडण्याची सोय मुद्दाम ठेवली नाही.

राजस्थानचा ट्रेमोलाइट ठेवला नाही. पुंजकाही नाही. तंतुमय खनिज हाताळायला द्यायचं तर ओकेनाइट आणि स्कोलेसाइट आहेतच, मात्र तेही फुंकायचे-कुसकरायचे नाहीत. त्यांची लेबलं बदलली. जुनी लेबलं फेकली नाहीत, पेटीच्या तळाला चिकटवली.

१२ जून

कार्यालयाशी गाठ. रजिस्टरमधून कमी करायच्या वस्तूंचा लिलाव करायची पद्धत आहे. क्लार्कसाहेबांनी 'ॲस्बेस्टॉस, नग २ व जाळ्या १ गठ्ठा' भंगारवाल्याच्या यादीत घालूनही टाकलं होतं. यादी थांबवली. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत टाकून दिलेल्या ॲस्बेस्टॉसची नोंद आहे, हे छापून जोडलं. असा कचरा तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथल्या घातक कचऱ्याच्या सामायिक केंद्रांकडेच जायला हवा. पण दीड किलोच्या पिशवीसाठी कुणी वाहतूकदार येईना. प्राचार्यांच्या सहीने प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला पत्र दिलं आहे. शेजारच्या दोन कॉलेजांनाही कपाट तपासा म्हणून कळवलं. सगळ्यांचा माल एकत्र निघाला तर गाडी परवडेल.

तोवर पिशव्या झाकणाच्या प्लास्टिक पिंपात, पिंप स्टोअरच्या कुलपात. किल्ली माझ्याकडे आणि मॅडमकडे. मामांचा एक्स-रे झाला, डॉक्टरांनी दर वर्षी यायला सांगितलंय. त्याचा खर्च कोणत्या हेडखाली टाकायचा यावर कार्यालयाचं उत्तर अजून यायचं आहे.